गुरू नीचीचा, सेन्सेक्स उच्चीचा

श्रोतेहो, नमस्कार.

दर जानेवारीत, तिळगुळाच्या आधी, एक बातमी घरोघरी फिरते. यंदा संक्रांत कशावर बसून आली, काय नेसली, कुठल्या दिशेला चालली. 2025 साली ती वाघावर आली होती. उपवाहन घोडा, अंगावर पिवळं वस्त्र. संक्रांत जे धारण करते ते महागतं, अशी आपली जुनी समजूत. त्यामुळे पिवळी साडी नेसू नका, असे निरोप फोनवरून गेले. बाजारात मात्र प्रश्न वेगळाच होता: पिवळं म्हणजे नेमकं काय धरायचं? सोनं, हळद की तूर?

माझी उमेदीची वर्षं लातूरच्या आडत बाजारात गेली, त्यामुळे मला आधी तूर दिसते. पण सोन्यापासून सुरुवात करू. त्या वर्षी एप्रिलमध्ये 10 ग्रॅम सोनं लाखाला टेकलं आणि ऑक्टोबरात 1 लाख 30 हजारांच्या पुढे गेलं. म्हणजे संक्रांतीने शब्द पाळला. आता तूर. 2024 मध्ये क्विंटलला 10 हजारांवर विकली गेलेली तूर 2025 मध्ये 7,550 रुपयांच्या हमीभावाखाली आली. पिवळी डाळही तिच्यामागोमाग उतरली. हे मी एका पंचांगवाल्या स्नेह्यांपुढे मांडलं तर ते शांतपणे म्हणाले, "अहो, तूर कुठे पिवळी? तूर लाल. पिवळी तिची डाळ." डाळीचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, "डाळ सोललेली असते, तिचा मूळ रंग धरत नाहीत."

हे उत्तर लक्षात असू द्या. आजच्या बोलण्याचा सगळा जीव त्यात आहे.

ग्रहांवरून देशाचं, पावसाचं, बाजाराचं भाकीत करणाऱ्या शाखेला मेदिनीय ज्योतिष म्हणतात. पाडव्याला पंचांगातलं संवत्सरफल वाचतात ना, ते हेच. त्यात वर्षाचं मंत्रिमंडळ असतं: राजा, मंत्री, मेघेश, धान्येश, रसेश. राजा ठरवायची रीत अगदी साधी आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेला जो वार, त्या वाराचा ग्रह राजा. 2024 चा पाडवा मंगळवारी, राजा मंगळ. 2025 चा रविवारी, राजा रवी. 2026 चा गुरुवारी, राजा गुरू. मंत्री मेष संक्रांतीच्या वारावरून. पुढे खातेवाटप. गुरूकडे धन आणि पेढ्या, बुधाकडे व्यापार, शुक्राकडे कापूस, साखर, अत्तरं आणि चैन, शनीकडे लोखंड, तेल, कोळसा आणि कामगार, मंगळाकडे जमीन, रवीकडे सोनं, चंद्राकडे चांदी. सट्टा बहुतेक जण राहूच्या गळ्यात बांधतात. हे सगळं आजचं नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कुठल्या राशीकडे कुठला माल, याची यादीच आहे. मसूर, गहू, जव आणि सोनं मेषेकडे. त्यापुढचा अध्याय अर्घकांड, म्हणजे भावांचा. कुठला माल कधी साठवावा आणि कितव्या महिन्यात काढला तर नफा होईल, हे तिथे सांगितलंय. आमच्याकडच्या तेजी-मंदीच्या पुस्तिका त्याच घराण्यातल्या. गल्ल्यावर खिळ्याला अडकवलेली, हळदीचे डाग पडलेली अशी पुस्तिका मी पाहिली आहे. पोटलीचा, म्हणजे त्या दिवशीच्या सौद्याचा, भाव फुटण्याआधी ती चाळणारे शेठही पाहिलेत.

या सगळ्यालाच हसू नये, असं मला वाटतं. सूर्य मृगात आला की पेरणीची लगबग, हस्तात आला की हत्तीचा पाऊस. हा हिशोब खरा होता, कारण सूर्याच्या जागेवर ऋतू ठरतो, ऋतूवर पीक आणि पिकावर भाव. आकाश आणि बाजार यांच्यात इथे खरा दोर आहे.

हाच दोर धरून विल्यम स्टॅनली जेव्हन्स नावाचा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ फार पुढे गेला. साधा माणूस नव्हे, आधुनिक अर्थशास्त्राच्या पायाभरणीतला. 1878 च्या सुमारास त्याने मांडलं की सूर्यावरचे डाग कमीजास्त होतात, त्याने हिंदुस्थानातलं पीक बिघडतं, धान्य महागलं की इथला माणूस विलायती कापड घेत नाही, आणि मग इंग्लंडातला व्यापार कोसळतो. तेव्हा दख्खनच्या दुष्काळाची आठवण ताजी होती, त्यामुळे ते पटायचंही. अडचण एवढीच की डागांचं चक्र सुमारे 11 वर्षांचं आणि त्याच्या हिशोबाने व्यापारी संकटं साडेदहा वर्षांनी. जेव्हन्सने काय करावं? डागांचं चक्रही साडेदहाच्या जवळ असल्याचा एक नवा हिशोब निघाला होता, तो त्याने आनंदाने उचलला. पुढे 1923 मध्ये हेन्री मूर या अमेरिकन प्राध्यापकाने मंदीचं आठ वर्षांचं चक्र शुक्राला जोडलं. दोन्ही सिद्धांत मागे पडले. पंडित मोठा असला म्हणून मोह सुटतो असं नाही.

आता आपल्या देशाच्या पत्रिकेकडे येऊ. 15 ऑगस्ट 1947, मध्यरात्र. वृषभ लग्न, म्हणजे पत्रिकेच्या पहिल्या घरात वृषभ रास; लग्नी राहू, धनस्थानी मिथुनेचा मंगळ, कर्केत पाच ग्रहांची गर्दी, चंद्र पुष्य नक्षत्रात. ज्योतिष्यांच्या बैठकीत ही पत्रिका हमखास निघते. तीवरून विंशोत्तरी दशा, म्हणजे कुठली वर्षं कुठल्या ग्रहाच्या अमलाखाली याचा हिशोब, काढला की 1989 च्या सुमारास शुक्राची महादशा लागते, ती 20 वर्षं. झालं! 24 जुलै 1991 चा मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प, उदारीकरण, गाड्या, मॉल, सगळं शुक्राच्या नावावर जमा. पण त्या अर्थसंकल्पाआधी परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं आणि रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं परदेशात गहाण पडलं. तेही शुक्रातच. 1992 चा रोखे घोटाळा शुक्रातच. 2008 मध्ये जानेवारीत 20 हजारांवर असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात 9 हजारांखाली गेला, तोही शुक्रातच. सांगून पाहा. लगेच महादशेतला छोटा तुकडा, अंतर्दशा, निघेल, ती पुरली नाही तर तिच्यातली विदशा.

सगळ्यात बहारीचा किस्सा 21 डिसेंबर 2020 चा. गुरू आणि शनी साधारण 20 वर्षांनी एकत्र येतात, पण त्या संध्याकाळी ते आकाशात जवळजवळ चिकटलेले दिसले. तुमच्यापैकी पुष्कळांनी गच्चीवरून पाहिले असतील. युती मकरेत. मकर ही गुरूची नीच रास, म्हणजे जिथे तो सर्वांत दुबळा मानतात ती, त्यातही पाच अंश म्हणजे परम नीच, आणि गुरू होता सहाव्या अंशाच्या आसपास. धनाचा कारक इतका खाली! त्याच सोमवारी सेन्सेक्स 1,400 अंकांनी आपटला. इंग्लंडात करोनाचा नवा अवतार सापडल्याची बातमी होती, पण ती कोण ऐकतो? पत्रिकावाल्यांची कॉलर ताठ. मग बरोबर एक महिन्याने, 21 जानेवारी 2021 ला, सेन्सेक्सने इतिहासात पहिल्यांदा 50 हजारांना हात लावला. गुरू कुठे होता? मकरेतच, नीचीचाच. यावर उत्तर काय आलं असेल? नीचभंग राजयोग! मकरेचा स्वामी शनी स्वराशीत शेजारीच बसलेला, त्यामुळे गुरूचं नीचत्व भंगलं. पडला तर नीच, चढला तर नीचभंग. तुरीचा लाल रंग आठवला ना?

माझी तक्रार ग्रहांशी नाही, भाकीत चुकण्याशीही नाही. चुकतात सगळेच. दलालांचे अहवाल चुकतात, हवामान खातं चुकतं, मी स्वतः सोयाबीन नको तेव्हा धरून बसलोय. पण हवामान खात्याने पाऊस सरासरीच्या इतके टक्के म्हटलं की सप्टेंबर अखेरीस दोन आकडे शेजारी ठेवता येतात. संवत्सरफलात असतं, "धान्याचे भाव चढ-उतारात राहतील." चढ-उतारात न राहणारा भाव मी तरी मोंढ्यात पाहिला नाही.

आकडे शेजारी ठेवायचं काम पुण्यात एकदा झालं होतं, बाजाराबद्दल नव्हे, माणसांच्या पत्रिकांबद्दल. 2008 मध्ये जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांनी इतरांच्या साथीने ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या. हुशार मुलाची कुठली आणि मतिमंद मुलाची कुठली, एवढंच ओळखायचं. ज्यांनी उत्तरं पाठवली त्यांच्यातल्या सर्वांत यशस्वी ज्योतिष्याची 24 बरोबर आली. एकूण सरासरी निम्म्याच्या खालीच. नाणं उडवलं असतं तरी तेवढं जमलं असतं.

आणि भाव हलतात कशाने? सोयाबीनच घ्या. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन 10 हजारांवर गेलं होतं. मग दिल्लीने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल आला, आणि ऑक्टोबरात भाव निम्म्यावर. तूर 2025 मध्ये उतरली ती शुल्कमुक्त आयातीने, म्यानमार आणि मोझांबिकच्या मालाने. वायदे, बंदरात लागलेली जहाजं, अधिसूचना. हे वाचायला पत्रिकेइतकंच किचकट, पण तिथे निदान तारीख आणि सही असते.

ज्यांचा विश्वास आहे त्यांच्यासाठी एक काम. दशेच्या हिशोबाने सप्टेंबर 2025 पासून देशाला मंगळाची सात वर्षं लागली आहेत, म्हणजे 2032 पर्यंत. तुमच्या ज्योतिष्याला पाडव्याला विचारा: दिवाळीला तूर, सोयाबीन, सोनं किती रुपयांना? महिना आणि रुपये, दोन्ही सांगा म्हणावं. ते पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांच्याच हातून लिहून घ्या. लिहिणारे फार थोडे भेटतील, पण जे लिहितील त्यांची पानं या केंद्राच्या पत्त्यावर पाठवा. लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात ती आपण इथेच, त्या दिवशीच्या बाजारभावांसह वाचू.

नमस्कार.