वाघळं निघायची वेळ

(दृश्य: बालाघाटाचं पठार. चैत्रातली संध्याकाळ. जुन्या डांबरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना वड आणि चिंचा.)

अंबाजोगाईच्या अलीकडे नवा रस्ता सरळ निघून जातो आणि जुना रस्ता बाजूला पडतो. हा तुकडा वळणाचा, म्हणून रुंदीकरणातून सुटला. तो सुटला म्हणून ही झाडं राहिली.

मराठवाड्यात रान आधीच थोडं. लातूर जिल्ह्यात तर जंगल शंभरात एक टक्काही नाही. आपल्याकडे जुनं झाड भेटतं ते रस्त्याच्या कडेला, बांधावर, म्हसोबापाशी, बारवेच्या काठाला. निजामाच्या राजवटीत वाटसरांच्या सावलीसाठी वड, लिंब, चिंच लावत. 17 सप्टेंबर 1948 नंतर सरकार बदललं आणि रस्त्याबरोबर झाडंही बांधकाम खात्याकडे आली. बुंध्यावरचा हा गेरू-चुन्याचा पट्टा आणि त्यावरचा आकडा, दोन्ही त्या खात्याचेच.

(दृश्य: बुंधा, अगदी जवळून.)

आकडा आता अर्धाच वाचता येतो. साल फुगली, रंग तडकला. या वडाचं वय नेमकं कुणी सांगू शकणार नाही. मूळ खोड आतून पोकळ झालंय, पारंब्या जमिनीत शिरून त्यांचीच खोडं झालीत. आजा कुठला आणि नातू कुठला, हात लावूनही कळत नाही.

आषाढीला शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाई करत पंढरपूरला जाते. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात. बहात्तरच्या दुष्काळात कामावर खडी फोडणाऱ्या बायांनी लेकरांच्या झोळ्या बांधल्या त्या अशाच फांद्यांना. सावलीला आपण फार कमी किंमत लावतो, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: तळहातावर वडाचं लाल फळ. नखाने दोन भाग केले जातात.)

हे फळ फोडून बघा. आत बारीक, तिळाहूनही लहान गांधीलमाश्या वळवळतात. वडाचं फूल बाहेर दिसत नाही, ते या फळाच्या आत असतं. परागकण अंगावर घेऊन मादी टोकाच्या छिद्रातून आत शिरते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तिथेच गळतात. अंडी घालते आणि आतच संपते. नवे नर बिनपंखांचे, ते भिंत पोखरून माद्यांना वाट करून देतात आणि बाहेरचा उजेड न बघताच मरतात. ही माशी वडाचीच. उंबराची वेगळी, पिंपळाची वेगळी. वड गेला तर तिला दुसरं घर नाही.

(दृश्य: ऊन तांबूस. चिंचेची डहाळी.)

चिंचेची पानं आता मिटायला लागली. जोडीजोडीने, दांडीला लागून. दिवसभर दाट दिसणारं झाड एकदम विरळ होतं आणि मागचं आभाळ दिसायला लागतं.

मेंढरं घेऊन परतणारे एक मामा थांबलेत.

"काय फोटू काढायलेत का?"

"व्हय मामा. या झाडांचे."

"मग थांबा जराशिक. आत्ता निघतेत बघा वाघळं."

(दृश्य: मोठ्या वडाच्या शेंड्याला उलटी टांगलेली वटवाघळं. निवेदन थांबते. फक्त कलकलाट.)

एक सुटतं, मग दहा, मग मोजणंच सोडावं लागतं. पंख पसरले की चार फुटांचा पसारा. या दिवसांत काही माद्यांच्या पोटाला पिल्लू बिलगलेलं असतं, तशाच त्या उडतात. जांभूळ, उंबर, मोह खाऊन ही वाघळं बिया लांब लांब टाकतात. आपण रोपवाटिकेतून आणतो ती झाडं ही फुकट पेरतात. तरी कायद्याच्या यादीत फळं खाणारं वटवाघूळ वर्षानुवर्षं उंदरांबरोबर 'उपद्रवी' म्हणून होतं. वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, तेव्हा ती यादीच रद्द झाली.

झाडांसाठीही कायदा आहे. 1975 च्या राज्याच्या वृक्ष कायद्यात 2021 साली बदल झाला आणि पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. ते तोडायचंच झालं, तर त्याचं जितकं वय तितकी रोपं लावायची. पण हा कायदा शहरांपुरता. हा वड ज्या शिवारात उभा आहे, तिथे तो पोचत नाही. आणि पोचला तरी, शंभर रोपांवर आज रात्री एकही वाघूळ टांगता येणार नाही.

गावाच्या हातात एक वही मात्र आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलंय. तीत जुन्या झाडाची नोंद करता येते: गट नंबर, छातीच्या उंचीवर मोजलेला घेर, अंगाखांद्यावर कोण राहतं, गावातली म्हातारी माणसं त्याच्याबद्दल काय सांगतात. उद्या रस्त्याची आखणी आली तर ग्रामसभेला दाखवायला कागद हवा, नुसत्या मायेवर काम भागत नाही.

मामांना विचारलं, त्यांच्या गावच्या वहीत हे वड आहेत का? त्यांना वहीच ठाऊक नव्हती. तुमच्या गावच्या वहीत काय लिहिलंय, ते ग्रामपंचायतीत मागून बघा.