काळा चष्मा, पांढरी काठी

पुण्याची सदाशिव पेठ. रात्रीचे साडेदहा. अभ्यासिका सुटतेय. पाठीला सॅक, टपरीवर चहा, आणि तोंडी एकच विषय: स्पर्धा परीक्षेचा कटऑफ.

२०२३च्या ऑक्टोबरात ‘ट्वेल्थ फेल’ हा हिंदी सिनेमा आला. चंबळकडचा मनोज दिल्लीत पिठाच्या गिरणीत राबतो, पिठानं माखलेल्या हातांनी पुस्तक उघडतो, आणि अखेरच्या प्रयत्नात आयपीएस होतो. गोष्ट खरी. मनोजकुमार शर्मा आपल्या महाराष्ट्र केडरचेच अधिकारी. पण २०२३च्या यूपीएससीला अर्ज होते १० लाखांच्या वर, आणि निवड झाली १,०१६ जणांची. कॅमेरा निवडलेल्या एकाच्याच मागे फिरला, की उरलेल्यांनी जणू मेहनतच केली नाही असं वाटायला लागतं.

हा सिनेमा त्यातून वाचतो तो मनोजला वाट दाखवणाऱ्या गौरी भैयामुळे. त्याचे प्रयत्न संपलेत. मग तो चहाची टपरी टाकतो, तिला नाव देतो ‘रीस्टार्ट’, आणि मागून येणाऱ्या पोरांना हात देतो. मनोजच्या निकालाला डोळे भरून येतात खरे, पण माझ्यापुरता तो निकाल पटतो तो या हरलेल्या माणसामुळे. पार्श्वसंगीत थोडं कमी चाललं असतं. असो.

शेवटी जिंकणं नसलेली गोष्ट बघायला आता मागे जाऊ. २००४. संदीप सावंत यांचा सिनेमा ‘श्वास’. ‘श्यामची आई’नंतर पाच दशकांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवून देणारा.

कोकणातले आजोबा नातवाला पुण्याला आणतात. परशुरामच्या डोळ्यांत कॅन्सर. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, नजर जाईल. आपण सिनेमाला सरावलेली माणसं. मनात म्हणतो, रिपोर्ट चुकीचा निघेल, परदेशातून कुणी डॉक्टर येईल. कुणी येत नाही. ऑपरेशनच्या आधी आजोबा कुणाला न सांगता पोराला हॉस्पिटलबाहेर काढतात. बघून घे म्हणून. इकडे पळापळ, आणि तिकडे आजोबा झालेल्या अरुण नलावडेंच्या चेहऱ्यावर उरलेल्या तासांचा हिशेब.

शेवटी होडी गावाकडे येते. पोराच्या डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पांढरी काठी. काठावर घरची माणसं उभी.

तो त्यांना हात करतो.