आयर्विनची मोजपट्टी आणि आमचा उंबरा

(दृश्य: पहाट. आयर्विन पूल. दगडी खांबावर रंगवलेले फुटांचे आकडे, त्यांना घासून वाहणारं तांबडं पाणी.)

जुलै उजाडला की सांगलीत सकाळची पहिली चौकशी ठरलेली असते. "आयर्विनला किती?" उत्तर एका आकड्यात येतं. "बत्तीस." की लगेच दुसरा प्रश्न, "चढतंय का उतरतंय?"

लहानपणापासून हे दोन प्रश्न ऐकत मोठी झाले. पुढे संगणक शिकायला गेले, वर्गात माहिती-प्रणालीचा पहिला धडा सुरू झाला, आणि मला वाटलं, अरे, हे तर आपल्या गल्लीतल्या कट्ट्यावर रोज चालतं. म्हणून ही फिल्म पुलापासून सुरू होते. इथून आपण माणसाच्या मानेत जाऊ, मानेतून मेंदूत आणि मेंदूतून कृत्रिम बुद्धिमत्तेकडे. वाट जरा वाकडी आहे, पण ती आमच्या घरावरूनच जाते.

पूल १९२९ सालचा. तेव्हाच्या व्हाइसरॉयचं, लॉर्ड आयर्विनचं नाव त्याला मिळालं आणि ते टिकलं. कृष्णेची पातळी इथे मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी.

(दृश्य: एका आकड्यावर कॅमेरा स्थिर. पाणी वर-खाली होतंय.)

समजा आज पट्टीवर ४२ आहे. परगावच्या पाहुण्याला त्यातून काही कळत नाही. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट ह्या सखल भागांत राहणाऱ्याला मात्र तो आकडा ऐकून घाम फुटतो. आकडा दोघांसाठी एकच. एकाकडे त्याच्या शेजारी ठेवायला काही नाही, दुसऱ्याकडे आपल्या घराची उंची आहे. नुसत्या नोंदीला आपण डेटा म्हणतो. ती कशाशी तरी ताडून पाहिली आणि तिच्यातून काही ठरवता आलं, की तिची माहिती होते.

आमच्या घरात हे ताडून पाहण्याचं काम आईचं. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या उंबऱ्याला लागून थांबलं. आत आलं नाही. पाणी ओसरल्यावर आईने तिथे पेन्सिलीने रेघ मारली आणि वर्ष लिहिलं. तेव्हापासून घरात हिशेब पक्का: आयर्विनला ५३ म्हणजे आपला उंबरा.

(दृश्य: जुन्या लाकडी चौकटीवरची पेन्सिलीची रेघ, "२००५" ही अक्षरं.)

पुलावरचा आकडा एकटा नसतो. त्याच्यामागे अख्खं खोरं उभं असतं. महाबळेश्वर आणि नवजाला किती पाऊस पडला, कोयना धरण किती भरलं, दरवाजे किती उचलले, ह्या नोंदी वरून येतात. कोयनेची साठवण सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २८०० कोटी लिटरांहून अधिक पाणी. धरणातून सोडलेलं पाणी मोजतात क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते आणि ते पाणी आमच्याकडे निघतं. खाली हरिपूरला वारणा मिळते. तीही फुगलेली असली, तर कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही, फुगवटा मागे सांगलीकडे येतो.

मोजायचं, निरोप पोचवायचा, हिशेब करायचा, निर्णय घ्यायचा, आणि त्या निर्णयाने काय झालं ते पुन्हा मोजायचं. दरवाजे एक फुटाने उतरवले, मग खाली पातळी किती उतरली? हा शेवटचा फेरा फार मोलाचा. त्याला फीडबॅक म्हणतात. तो नसेल, तर नोंदवह्या कितीही भरा, काय चाललंय ते कुणालाच कळत नाही.

आता माणसाकडे येऊ.

(दृश्य: आई खुर्चीत. दंडाला रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा. हवा भरल्याचा आवाज.)

जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेच्या बाजूला बोट ठेवून बघा. ठोका लागेल. ही मेंदूकडे रक्त नेणारी धमनी. तिला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे धमनीची भिंत थोडी फुगीर असते आणि त्या भिंतीत चेतातंतूंची टोकं विणलेली असतात. रक्ताचा दाब वाढला की भिंत ताणते, भिंत ताणली की ही टोकं भराभर संदेश पाठवतात. दाब उतरला की संदेश विरळ होतात. अशीच टोकं हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीतही आहेत. ही शरीराची पाणीपातळी मोजणारी ठाणी.

तुम्ही बसल्या जागेवरून उठता, तेव्हा अर्धा लिटरभर रक्त पायांकडे उतरतं. मेंदूला रक्त कमी पडायला हवं, तुम्हाला भोवळ यायला हवी. बहुतेक वेळा येत नाही. मानेतून संदेश विरळ झाल्याचं मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत कळतं. तिथून हृदयाला हुकूम जातो, ठोके वाढव. रक्तवाहिन्यांना हुकूम जातो, आवळून धर. काही सेकंदांत दाब जागेवर येतो आणि मानेतली टोकं तो पुन्हा मोजतात. तुम्ही तोवर स्वयंपाकघरात पोचलेले असता. आपल्याला न कळता दिवसभर चाललेली ही कामगिरी मला तरी थक्क करते.

पण ह्यात एक खोट आहे, आणि ती कळल्यापासून मी पुराकडे वेगळ्या नजरेने बघते.

दाब काही तासांपुरता वाढला, तर ही टोकं बरोबर ओरडतात. तो दिवसेंदिवस चढलेलाच राहिला, तर मात्र हळूहळू गप्प होतात. चढलेली पातळी हीच नेहमीची, असं ती मानायला लागतात आणि तीच सांभाळत बसतात. आईचा दाब पहिल्यांदा मोजला तेव्हा वरचा आकडा १७० होता. आई म्हणाली, "मला काहीसुद्धा होत नाही. डोकं नाही दुखत, चक्कर नाही." खोटं बोलत नव्हती. मिरजेच्या डॉक्टरबाईंनी तिला समजावलं, की काकू, तुमच्या शरीराने पट्टीच वर सरकवून घेतलीय, म्हणून तुम्हाला पूर दिसत नाही.

त्या दिवसापासून आईची एक वही आहे. डाव्या पानावर रक्तदाब, आणि पावसाळ्यात उजव्या पानावर आयर्विन.

(दृश्य: वहीची दोन पानं. तारखा, आकडे, कुठे हळदीचा डाग.)

मानेतला तो संदेश जातो कसा? चेतापेशीतून. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८६०० कोटी पेशी आहेत. प्रत्येकीला फांद्या असतात, त्यांच्यावर इतर पेशींकडून निरोप येतात. काही निरोप म्हणतात "पेट", काही म्हणतात "थांब". शांत असताना पेशीच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने उणा असतो. निरोपांची गोळाबेरीज होऊन तो उणे ५५ च्या आसपास आला, की पेशी पेटते आणि तिच्या लांब तंतूतून विजेची लहर धावते. पातळी गाठली नाही, तर काहीच नाही. अर्धवट पेटणं तिला ठाऊक नाही. मग "जास्त दाब" आणि "फार जास्त दाब" ह्यातला फरक ती कसा सांगते? सेकंदाला किती वेळा पेटते, त्यावरून.

इशारा पातळी आठवली ना?

१९४३ साली अमेरिकेत वॉरन मॅकलॉक आणि वॉल्टर पिट्स ह्या दोघांनी हीच कल्पना कागदावर मांडली. मॅकलॉक मेंदूचा अभ्यासक, पिट्स जेमतेम विशीतला, तर्कशास्त्राने झपाटलेला मुलगा. आत येणाऱ्या खुणांची बेरीज करा, बेरीज ठरलेल्या पातळीच्या वर गेली तर १, नाहीतर ०. १९५८ मध्ये फ्रँक रोझनब्लॅट ह्या मानसशास्त्रज्ञाने ह्या कागदी पेशीला शिकण्याची सोय दिली. त्याच्या आधी दोनच वर्षं, १९५६ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जमलेल्या संशोधक मंडळींच्या बैठकीतून "कृत्रिम बुद्धिमत्ता" हे नाव रूढ झालं होतं.

शिकण्याची सोय म्हणजे काय, ते कृष्णेवरच बघू.

(दृश्य: फळा. खडूने डावीकडे चार वर्तुळं, उजवीकडे एक. मध्ये रेघा.)

डावीकडे चार गोष्टी: कोयनेचा विसर्ग, वरच्या खोऱ्यातला पाऊस, वारणेचं पाणी, आणि आयर्विनची आत्ताची पातळी. उजवीकडे एकच प्रश्न: उद्या सकाळी पातळी किती? प्रत्येक रेघेवर एक वजन, म्हणजे ह्या गोष्टीचं किती ऐकायचं. सुरुवातीला वजनं मनाला येतील तशी. यंत्र म्हणतं, उद्या ४४. जुन्या नोंदीत बघावं तर त्या सकाळी होते ४६. दोन फुटांची चूक. मग ज्या रेघांमुळे चूक झाली त्यांची वजनं किंचित सरकवायची. पुढचा दिवस घ्यायचा, पुन्हा अंदाज, पुन्हा चूक, पुन्हा किंचित सरकवणं. हजारो वेळा.

एवढंच. मधे पेशींचे आणखी थर घातले, की चूक मागे मागे वाटत न्यावी लागते, प्रत्येक थराच्या वाट्याला तिचा हिस्सा. ही मागे वाटत जायची रीत १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स ह्यांच्या निबंधाने सगळीकडे पोचली. हिंटनना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, जॉन हॉपफिल्ड ह्यांच्यासोबत.

नदीसाठी आणखी एक गोष्ट लागते, आठवण. आजचं पाणी हे कालच्या आणि परवाच्या पावसाचं पाणी. जमीन आधीच भिजून तुडुंब असेल, तर आजचा चार बोटं पाऊससुद्धा सरळ नदीत येतो. मागचं काय धरून ठेवायचं हे स्वतः शिकणारी अशा पेशींची जाळी १९९७ मध्ये होखराइटर आणि श्मिडहूबर ह्यांनी मांडली. आज पुराचे अंदाज बांधताना ती जगभर वापरतात.

माझं ह्या यंत्रांवर प्रेम आहे, हे लपवत नाही. म्हणूनच पुढचं सांगायला हवं.

(दृश्य: ऑगस्ट २०१९. गल्लीत पाणी. आवाज बंद.)

२०१९, नागपंचमीचा आठवडा. पाणी चढत होतं. गल्लीत बैठका बसल्या. सगळ्यांचं एकच म्हणणं, "२००५ ला उंबऱ्याशी थांबलं होतं. फार तर फार एक-दोन बोटं वर." आईने कॉटखाली विटा लावल्या, गाद्या, धान्याचे डबे, माझी पुस्तकं कॉटवर चढवली. तिच्या मते ती दुप्पट काळजी घेत होती. रात्री उंबरा ओलांडला. पहाटे आम्ही माळ्यावर, आणि दुसऱ्या दिवशी दोरी धरून नावेत.

त्या वर्षी आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं. सत्तावन्न वजा त्रेपन्न ही वजाबाकी आमच्या घरात माझ्या कमरेच्या वर आली. कॉटवरचं सगळं गेलं. ज्वारी डब्यातच आंबली होती, तो वास अजून नाकात आहे.

आई मूर्ख नव्हती. तिने सगळ्यांत मोठा ठाऊक असलेला पूर प्रमाण मानला आणि त्यावरून अंदाज बांधला. जुन्या नोंदींवर शिकलेलं यंत्रही हेच करतं. त्याची वजनं त्याला दाखवलेल्या वर्षांतून आलेली असतात. त्या वर्षांत ५३ च्या पलीकडे काही नसेल, तर ५७ ची वेळ आल्यावर ते आपल्या ओळखीच्या आकड्यांच्या आसपास घुटमळतं, आणि उत्तर मात्र तितक्याच ठाम आवाजात देतं. उपाय आहेत. पाणी किती येतंय, किती जातंय, पात्रात किती मावतंय हा पदार्थविज्ञानाचा हिशेब यंत्राला सोबत द्यायचा. न झालेले पूर गणिताने रचून त्याला दाखवायचे. एका आकड्याऐवजी "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असं उत्तर मागायचं. कुणी मला यंत्राचा अंदाज दाखवला, की मी आधी एवढंच विचारते: ह्याने कोणती वर्षं पाहिलीत?

(दृश्य: जुलै २०२१. पाऊस. कुलूप लावणारे हात.)

२०२१ च्या जुलैत आयर्विनने चाळीस ओलांडले, तशी आईने वही मिटली, गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकली आणि आम्ही विश्रामबागेत मावशीकडे निघालो. शेजारच्या मामी म्हणाल्या, "अहो, अजून बारा-तेरा फूट आहेत की." आईने त्यांनाही रिक्षात बसवलं. त्या वेळी पाणी ५४ च्या पुढे गेलं. घरात घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली.

गाळ काढून झाल्यावर आईने तिसरी रेघ मारली. खाली २००५, मधे २०२१, वर २०१९. मग जरा मागे सरकून ती भिंतीकडे बघत राहिली.

"टेप आण गं," ती म्हणाली. "वरच्या रेघेपासून छतापर्यंत किती भरतंय बघ."

मी स्टुलावर चढून मोजलं. सहा फूट दोन इंच.

तिने ते वहीत लिहिलं. उजव्या पानावर, तारखेसकट.