गच्चीची किल्ली कुणाकडे?

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय ऐकायला जरा सरकारी वाटेल. पुनर्वसन वसाहतींमध्ये जी आरोग्य केंद्रं असतात, तिथल्या सेविकांना शिकवतात काय आणि त्यांच्या हातात देतात काय, हा तो विषय. मुंबईत रेल्वेलगतची, नाल्याकाठची, रस्तारुंदीत गेलेली घरं उठली आणि माणसं सव्वादोनशे चौरस फुटांच्या पक्क्या खोल्यांत आली. संडास घरात आला, दाराला नंबर आला. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी सार्वजनिक संडासाच्या रांगेत पहाटे उभं राहून यावं. पण ऊन आणि वारा मात्र बऱ्याच जणांच्या वाट्याला आलाच नाही.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर बोलण्याच्या भरात राहून जाईल. खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला की क्षयरोगासाठी बेडका तपासून घ्यायचा. दोन आठवडे. खोकल्याचं औषध बदलून बघत बसायचं नाही.

आता माझी आवडती गोष्ट. पूर्व उपनगरातल्या एका वसाहतीजवळ सेविकांचं क्षयरोगाचं प्रशिक्षण होतं. मी मागच्या खुर्चीवर होते. समोर तो नेहमीचा चित्रांचा तक्ता. त्यात कौलारू घर, अंगणात तुळस, दोन्ही बाजूंना उघड्या खिडक्या आणि आत पिवळंधमक ऊन. असे तक्ते कोण काढतं, त्याला एकदा भेटायचं आहे मला. त्याच्या चित्रातली बाई कायम नऊवारीत असते आणि तिच्या घरी कधीच पसारा नसतो. तर शिकवणारे म्हणाले, "रुग्णाच्या घरच्यांना सांगा, खिडक्या उघड्या ठेवा, घरात ऊन येऊ द्या."

दुसऱ्या रांगेतली एक सेविका उठली. त्याच वसाहतीत राहणारी. म्हणाली, "सर, आमच्या बिल्डिंगीत ऊन पाचव्या माळ्यापर्यंतच उतरतं. माझा पेशंट दुसऱ्या माळ्यावर आहे."

सगळ्या हसल्या. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "भर दुपारी ट्यूबलाइट लावून जेवतात हो. खिडकी उघडली की समोरची बिल्डिंग हाताला लागते. वरून लोक कचरा टाकतात, तो खाली गल्लीत साठतो. घुशी येतात, वास येतो. म्हणून खिडकीला प्लायवूड ठोकलंय. मी काय सांगू त्यांना?"

तक्त्यात याचं उत्तर नव्हतं. ते तिनेच काढलं. इमारतीला सात मजले, वर गच्ची, गच्चीवर हवं तेवढं ऊन. फक्त गच्चीला कुलूप आणि किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. पेशंट एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. त्याला सकाळी तासभर वर बसू द्या, घरात कोंडून राहायला नको, एवढंच तिचं मागणं. सेक्रेटरी म्हणाले, "पाण्याच्या टाकीजवळ आजारी माणूस नको." तिने समजावलं की हा रोग पाण्यातून पसरत नाही, खोकल्यातून हवेत जातो, आणि कोंडलेल्या खोलीत त्याचा धोका जास्त. ते म्हणाले, "नियम आहे." आता याच गच्चीवर हळदीला डीजे लागतो, रात्री बारापर्यंत इमारत हादरते, तेव्हा हा नियम कुठे झोपलेला असतो कोण जाणे. ते असो.

बाई आरोग्य केंद्रात गेली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मॅडम, गच्ची लिहून द्या." डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, केस पेपर ओढला आणि गोळ्यांच्या खाली लिहिलं: गच्चीवर मोकळ्या हवेत बसणे, रोज सकाळी एक तास. तो कागद घेऊन ती सेक्रेटरींच्या दारात. त्यांनी चष्मा लावला, वाचला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, "शिक्का कुठाय?"

ती परत गेली. शिक्का आणला. गोल, जांभळा, ठसठशीत. मग सेक्रेटरींनी खिळ्यावरची किल्ली काढली, पण वहीत रोज सही करायच्या अटीवर! काही दिवसांनी ती वही मी पाहिली. पोराच्या सहीखाली आणखी सह्या होत्या. तिसऱ्या माळ्यावरच्या आजी, एक बाळंतीण, आणि एका पानावर खुद्द सेक्रेटरींच्या सौभाग्यवती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "पापड".

गोष्ट लांबली, पण तिच्यात मला म्हणायचं ते बरंचसं आलं. कुठल्या माळ्यावर ऊन येतं, लिफ्ट कधीपासून बंद आहे, किल्ली कुणाकडे असते, हे ठाऊक असलेली माणसं प्रशिक्षणात नुसती ऐकायला बसतात. त्यांना शिकवायलाही बसवा. तिथलीच बाई शिकवायला हवी. आणि तिला मानधनावर किती वर्षं राबवायचं, तेही एकदा बघा. टोप्या-बॅगा वाटण्यापेक्षा ते बरं.

हे काही माझ्या मनचं नाही. गोवंडी-मानखुर्दकडच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने केला, तो २०१८ मध्ये पुढे आला. दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर, आणि ऊन-वारा न मिळणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त. जवळच्याच पीएमजी कॉलनीत इमारती सुट्या सुट्या, तिथे तो कमी. म्हणजे नकाशा पास करणाऱ्यालाही प्रशिक्षणाला बोलवायला हवं.

वस्तीतल्याच माणसांना या कामात घेणं काही नवं नाही. अमेरिकेत डिसेंबर १९६५ मध्ये गायगर आणि गिब्सन या दोन डॉक्टरांनी बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट या सरकारी वसाहतीतल्याच फ्लॅटांमध्ये आरोग्य केंद्र थाटलं. शहराच्या कडेला, कचराडेपोजवळची ती वस्ती. आज तिकडे सरकारी घरांतल्या रहिवाशांसाठीच्या केंद्रांना वेगळा निधी आहे, त्यांच्या प्रशिक्षणासाठी एक राष्ट्रीय केंद्र आहे, आणि सर्वसाधारण नियम असा की आरोग्य केंद्राच्या कारभारी मंडळात निम्म्याहून जास्त माणसं तिथलेच रुग्ण हवेत. आपल्याला यासाठी बॉस्टनला जायची गरज नाही. जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून गावातल्या, शाळा न पाहिलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, ते बघायला परदेशातून माणसं येतात.

आता साधनांचं थोडक्यात. बेडक्याच्या तपासणीचं ट्रूनॅट यंत्र आपल्या शेजारी गोव्यात तयार होतं, निदान काही तासांत होतं. औषधं सरकारी केंद्रात फुकट. साध्या क्षयरोगाला सहा महिने गोळ्या. बरं वाटलं तरी सहा महिने. ऊन-वाऱ्याने घरातल्या इतरांचा धोका घटतो, पण रोग गोळ्यांनीच जातो. गच्चीची गोष्ट ऐकून कुणी गोळ्या सोडू नका. घरात एक रुग्ण निघाला की बाकी सगळ्यांची तपासणी करायची, लहान मुलांची आधी. आणि क्षयरुग्णाच्या सकस आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये झाले आहेत, ते रुग्णाच्या खात्यात येतात. त्यासाठी आधार आणि बँकेचं पासबुक सेविकेला दाखवा. पासबुक नसेल तर तसं तिला सांगा, खातं कसं उघडायचं ते ती सांगेल.

कामामुळे सकाळी केंद्रात जाणं जमत नसेल, तर मुंबईत महापालिकेचा ‘आपला दवाखाना’ संध्याकाळीही उघडा असतो. नमस्कार.