बायपास: मशीनवर की बीटिंग हार्ट?

नमस्कार मंडळी. परवा मुंबई नाक्याजवळ चहा घेताना निफाडचे एक द्राक्षबागायतदार भेटले. वडिलांना तीन ब्लॉक, बायपास सांगितलेली, अँजिओग्राफीची सीडी पिशवीत. मी ओटीत हार्ट-लंग मशीन चालवतो हे कळल्यावर म्हणाले, "दादा, एक डॉक्टर मशीनवर करू म्हणतात, दुसरे बीटिंग हार्ट. ते नवीन आहे, म्हणजे चांगलंच ना?"

नवीन नाही हो ते. 1964 साली लेनिनग्राडमध्ये सर्जन कोलेसोव्ह यांनी केलेली बायपास धडधडत्या हृदयावरच होती.

मशीनवर करताना हृदय थांबवतात, रक्त आम्ही बाहेरून फिरवतो. जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच्या धमनीला टाके घालायचे, ते स्थिर जागेवर घालता येतात. बीटिंग हार्टमध्ये स्टेबिलायझर फक्त टाक्याची जागा धरून ठेवतो, बाकी हृदय चालूच.

19 देशांतल्या 4752 रुग्णांच्या 'कॉरोनरी' अभ्यासात भारतही होता. पाच वर्षांनंतर मृत्यू, पक्षाघात, हार्ट अटॅक, किडनी निकामी होणं, पुन्हा बायपास किंवा स्टेंट, हे सगळं मिळून बघितलं तर दोन्हींत फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या 'रूबी' अभ्यासात मात्र पाच वर्षांतले मृत्यू बीटिंग हार्टमध्ये जास्त निघाले: 15.2 टक्के, मशीनवर 11.9. पण महाधमनीत कॅल्शियम साचून ती कडक झाली असेल, तर तिला नळ्या लावणं धोक्याचं. अशा वेळी मी स्वतः म्हणेन, माझं मशीन बाजूलाच राहू द्या.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. ग्राफ्ट, म्हणजे ब्लॉकच्या पुढे रक्त न्यायला जोडतात ती शीर किंवा धमनी, कुठला लावणार, हे कुणी विचारतच नाही! पायातली शीर मुळात कमी दाबाची. धमनीचा दाब वर्षानुवर्षं सोसताना ती आतून जाड होते. दहा वर्षांत असे जवळपास निम्मे ग्राफ्ट बंद पडतात किंवा खराब होतात. छातीच्या आतली डावी मॅमरी धमनी हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीला, म्हणजे एलएडीला जोडली, तर दहा वर्षांनीही दहातले नऊ ग्राफ्ट चालू असतात. दोन्ही बाजूंच्या मॅमरी काढतात तेव्हा मधुमेह असलेल्यांत छातीचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो, म्हणून शुगर आधीच सांगा.

त्या दादांना मी दोन प्रश्न लिहून दिले. "एलएडीला मॅमरी लावणार ना?" आणि "डॉक्टर, तुमच्या हातात रोजची पद्धत कुठली?" त्यांनी चिठ्ठी सीडीच्या पाकिटात घातली आणि तिथूनच वडिलांना फोन लावला: "आप्पा, शुगरची फाइल काढून ठेवा."