एक फुटाचं भोक, दीड फुटाचं काम: जुन्या शिडाच्या बोटीच्या दुरुस्तीचा खर्च कसा काढायचा

(टक्. टक्. टक्. ठप्प.)

ऐकू आलं? डेकवर हातोडी मारतोय, परत वाजवतो. टक्, टक्, टक्... आणि इथे, रेलिंगच्या खांबाच्या बुडाशी, ठप्प. नमस्कार मंडळी. या एका ठप्पचे किती होतील, ते काढायला आज बोटीवर चढलोय.

मागे दिसतेय ती विजयदुर्गची खाडी. मी उभा आहे ती २६ फुटी फायबरची शिडाची बोट, वय पस्तिशीच्या पुढे. माझी नाही, माझ्या मावसभावाला घ्यायची आहे. मालक म्हणतो, थोडं पॉलिश, थोडा रंग, की गेली पाण्यात. मावसभाऊ माझ्या तोंडाकडे बघतोय आणि मी हातोडीकडे.

रुपयांचे आकडे आज देणार नाही, हे आधीच सांगतो. मांडव्याचा मजुरीचा दर मालवणात चालत नाही, आणि पुढच्या वर्षी हा व्हिडिओ बघणाऱ्याला आजचे भाव काय कामाचे? मी मोजणार रोज (म्हणजे एका माणसाचं दिवसभराचं काम), किलो आणि लिटर. भाव तुम्ही तुमच्या गावचा लावा.

तर, ठप्प. हे डेक, म्हणजे बोटीवरची ही पायाखालची जमीन, एकसंध फायबरचं नसतं. वर फायबरचा पातळ थर, खाली एक थर, आणि मध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड किंवा प्लाय. वजन कमी, ताकद भरपूर, फार हुशार काम. पण कुणीतरी या खांबाचे बोल्ट बसवताना भोकं पाडली आणि सीलंट लावलं. ते सीलंट वाळलं, तडकलं, आणि गेली कित्येक वर्षं पावसाचं पाणी थेंब-थेंब आत जातंय. वरून डेक चकचकीत. आत लाकडाचा भिजवलेल्या पोह्यांसारखा लगदा. माझ्या स्वतःच्या बोटीचं डेक पहिल्यांदा कापलं तेव्हा जो वास आला, तो खाडीत कुजत घातलेल्या नारळाच्या सोडणांचा. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता हिशेबातली पहिली चूक इथेच होते. लोक खराब भागाचं माप घेतात आणि गुणाकार करतात. समजा फायबर ६ मिलिमीटर जाड आहे आणि ३० सेंटिमीटरचं गोल भोक बुजवायचंय. नवा थर जुन्याला घट्ट धरायला हवा, म्हणून भोकाची कड उतरती घासतात, जाडीच्या साधारण बारापट. ६ गुणिले १२, म्हणजे चारी बाजूंनी ७२ मिलिमीटर. भोक ३० सेंटिमीटरचं होतं, काम झालं ४४ च्या वर. क्षेत्रफळ काढून बघा, दुपटीपेक्षा जास्त भरतं.

सामानाचा अंदाज सोपा आहे. मॅट म्हणजे काचेच्या तंतूंची चादर; चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर जेमतेम १ मिलिमीटर भरतो. ६ मिलिमीटरला सहा थर, म्हणजे चौरस मीटरला २ किलो ७०० ग्रॅम मॅट आणि तिच्या दुप्पट ते अडीचपट वजनाचं रेझिन, म्हणजे ती भिजवून घट्ट करणारा चिकट रस. पण सामान ही यातली किरकोळ बाजू. कापणं, सुकवणं, घासणं, थर देणं, परत घासणं, रंग जुळवणं, यातच रोज जातात. घासाईला तर माणूस एका दिवसात कंटाळतो, दुसऱ्या दिवशी येतच नाही.

(वही दाखवत) माझी वही. तीन पानं. पहिल्या पानावर डोळ्यांना दिसलेलं. दुसऱ्यावर ठोकून, दाबून, ओढून कळलेलं. तिसऱ्यावर उघडल्याशिवाय कळणारच नाही ते. बोट बुडवते ती तिसऱ्या पानावरून, म्हणजे खिशाच्या अर्थाने म्हणतोय.

काही लोक सांगतात, एकूण रकमेवर सरसकट वीस टक्के चढवा, झालं. मला हा आळशीपणा वाटतो. तिसऱ्या पानावरच्या प्रत्येक ओळीपुढे मी दोन आकडे लिहितो: चांगलं निघालं तर इतकं, वाईट निघालं तर इतकं. उदाहरण म्हणून ही पट्टी बघा. डोलकाठीच्या वायरी जिथे बोटीला अडकतात, ती चेनप्लेट. स्टेनलेस स्टीलची आहे, वर चमकतेय. पण डेकमधून खाली जाते तिथे पाणी साचतं, हवा पोचत नाही, आणि स्टेनलेसला गंजापासून टिकायला हवा लागते. म्हणून ती तिथेच, लपलेल्या जागी कुरतडली जाते. काढून बघितली आणि धड निघाली, तर अर्ध्या रोजाचं काम: पुसा, नवीन सीलंट, परत बसवा. खराब निघाली तर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची नवी पट्टी, आणि ज्या प्लायला ती बोल्ट केलीय तोही बहुतेक गेलेला. अर्ध्या रोजाचे आठ रोज झाले. सरसकट वीस टक्क्यांत हे कुठे बसवणार?

आणि पोचण्याची मजुरी. हा माझा स्वतःचा दगड, डोक्यावर घेतलेला. माझ्या बोटीची डिझेलची टाकी गळत होती. टाकी नवीन करायची, त्यात काय एवढं, म्हणून एक ओळ लिहिली. कारखान्यात ती टाकी आधी बसवली होती आणि डेक नंतर वरून चढवलं होतं. बाहेर काढायला वाटच नाही! कॉकपिटची, म्हणजे सुकाणूशी बसायच्या खोलगट जागेची, जमीन कापावी लागली. मिस्त्री त्या दिवशी बिडी विझवून एवढंच म्हणाले, "आदी उघडून बघूक होया. मगे पैशांचा बोलूया." तेव्हापासून प्रत्येक वस्तूपुढे मी लिहितो: ही बाहेर येईल का, आणि कुठून?

बाकीचं भराभर. डोलकाठीच्या वायरींचं वय मालकाला सांगता येत नसेल, तर सगळ्या नव्या धरा. दहा ते पंधरा वर्षं ही त्यांची साधारण मुदत, आणि आपल्या खाऱ्या उकाड्यात मी जास्तीच्या बाजूला जात नाही. टोकाशी कापूस फिरवा. धागा अडकला तर तार तुटलीय. शिडाची शिवण नखाने खरवडा. दोरा तुटला तर निदान सगळी शिवण परत घालणं आलं, कारण उन्हाने आधी दोरा मरतो, मग कापड. कील (तळाखालचा वजनदार पंखा) आणि तळ जिथे जुळतात तिथे तांबूस ओघळ दिसला, तर कीलचे बोल्ट तिसऱ्या पानावर, दोन आकड्यांसकट. तळातल्या पितळी व्हॉल्व्हवर गुलाबी छटा दिसली तर जस्त निघून गेलंय, तो व्हॉल्व्ह हातात तुटेल. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच ते गरम असेल, तर का गरम केलं ते विचारा. इंजिनाच्या बाबतीत आपण नशीबवान, ट्रॉलरवर काम करणारा मेकॅनिक प्रत्येक बंदरात भेटतो.

तळाचा रंग मात्र मोजून घ्या, अंदाजपंचे नको. रुंदी आणि पाण्याखालची खोली यांची बेरीज, गुणिले पाण्याच्या रेषेवरची लांबी, आणि फिन कीलच्या (माशाच्या परासारखी अरुंद कील) बोटीला त्याचं निम्मं. इथे लांबी साडेसहा मीटर, रुंदी अडीच, खोली १.४. अडीच आणि १.४ मिळून ३.९, गुणिले साडेसहा म्हणजे पंचवीसच्या थोडं वर, निम्मे धरले तर १३ चौरस मीटर. दोन हात म्हणजे २६. लिटरला नऊ-दहा चौरस मीटर धरलं तर तीन लिटर. दुकानदार पाच सांगेल.

आता जे कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं ते: पंचांग. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मेअखेर सगळ्या होड्या एकदम वर ओढायच्या असतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी सगळ्यांना एकदम रंग हवा असतो. तुमची हौसेची बोट त्या रांगेत शेवटी, आणि तिथेच असायला हवी; त्यांचं पोट आहे. वर पावसात ना ओला तळ सुकत, ना रेझिन धड लागत. म्हणून दिवाळीनंतर बोट वर घ्या, सुकू द्या, आणि फायबरचं काम जानेवारी ते एप्रिलमध्ये उरका. चुकलात तर अख्खा पावसाळा जागेचं भाडं आणि ताडपत्री.

क्रेन परवडत नसेल तर भरतीचा आधार. इथून जवळच गिर्ये गावात मराठ्यांच्या आरमाराची गोदी आहे. भरतीला गलबत आत, ओहोटीला कोरडं, तीच युक्ती. पण त्यासाठी अमावस्या-पौर्णिमेचं उधाण लागतं, आणि एक हुकलं की पंधरा दिवस थांबा. शिवाय फिन कीलची बोट लाकडी पडावासारखी कुशीवर आरामात टेकत नाही, तिला पाळणा किंवा भक्कम टेकू लागतात. तेही वहीत लिहा.

(ड्रिल उचलत) मालकाची परवानगी घेतलीय, भोक नंतर बुजवून देणार आहे. खालच्या बाजूने, फक्त आतल्या थरातून, ८ मिलिमीटर.

(ड्रिलचा आवाज)

हा भुसा बघा, कॅमेरा जवळ घे. फिकट आणि कोरडा असता तर वाचलो असतो. हा काळपट आहे, बोटाला चिकटतोय. आणि हे... हे पाणीच आलं. अजून एक घेऊ, इथून वीतभर मागे.

(ड्रिलचा आवाज)

हा कोरडा. म्हणजे दोन्हींच्या मध्ये कुठेतरी हद्द आहे. भाऊ, खडू दे. डेकची ती ओळ तिसऱ्या पानावरून खोड आणि पहिल्यावर घे.