निजामाचं स्पिटफायर, वाळूजची पुट्टी

(पडद्यावर : लोणच्याची काचेची बरणी, आत तेलात बुडालेलं छोटं विमान.)

बरणी लोणच्याची आहे, तेल मात्र ब्रेकचं. आत बुडालंय ते स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रजांच्या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल. त्याच्यावरचा हिरवा थर मीच दिलेला, शाळेत असताना. दाराला लावून उरलेला ऑइल पेंट होता. इतका जाड बसलाय, की पंखावर काय कोरलंय ते दिसतच नाही. ब्रेक ऑइलमध्ये रात्रभर ठेवलं की असला रंग सुरकुतून सुटतो आणि खालच्या पॉलिस्टायरीन प्लास्टिकला धक्का लागत नाही. वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच तेवढी आधी काढून घ्यायची, तिला तडे जाऊ शकतात. हातात मोजे घालायचे, आणि ती बरणी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही.

ब्रेक ऑइल कुठं मिळतं, हे वाळूजच्या माणसाला विचारायची गरज पडत नाही. १९८५ साली बजाजचा कारखाना इथं आला आणि त्याच्यामागून गाड्यांचे सुटे भाग करणारी वस्तीच वसली. मी त्यातल्याच एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात, टूलरूमला, म्हणजे जिथं प्लास्टिक ओतायचे स्टीलचे साचे, डाय, बनतात तिथं.

(पडद्यावर : रंग उतरलेले पंख, जवळून. नखाने दाखवलेली उभारलेली रेघ.)

ह्या मॉडेलच्या सुट्या भागांचा डबा मामानं मुंबईहून आणला होता. आमच्या उमरीत, नांदेड जिल्ह्यात, तेव्हा विमान म्हणजे आभाळातली रेघ. जोडलं, रंगवलं, खेळलो, आणि पुढं ते पत्र्याखालच्या माळ्यावर पेटीत दाबून गेलं. डावा पंख त्यानं वाकला तो वाकलाच.

आता ते हातात घेतलं की मला विमानाच्या आधी डाय दिसते. हे बघा, पोटाखालून गेलेली ही बारीक धार म्हणजे पार्टिंग लाइन, डायचे दोन अर्धे मिटतात ती जागा. आतल्या बाजूचे हे गोल ठसे इजेक्टर पिनचे, पीस डायमधून बाहेर ढकलणाऱ्या. पंख अंगाला मिळतो तिथं हा खळगा आहे, तो सिंक. तिथं प्लास्टिक जाड. बाहेरून आधी गार होतं, आतलं मागाहून आक्रसतं आणि वरच्या कातडीला ओढून घेतं. आमच्याकडं असा पीस निघाला की थेट रिजेक्टच्या क्रेटमध्ये जातो.

आणि ह्या उभारलेल्या रेघा. खऱ्या विमानात पत्र्याच्या दोन तुकड्यांमध्ये बारीक फट असते, म्हणजे रेघ आत गेलेली असते. जुन्या मॉडेलमध्ये ती वर आलेली का? कारण डायमध्ये चर कोरणं सोपं. स्टीलमध्ये चर कोरला की प्लास्टिकवर उंचवटा येतो. प्लास्टिकवर खाच हवी असेल, तर स्टीलमध्ये रेघ उभी ठेवून आजूबाजूचं सगळं उतरवावं लागतं. ठिणग्यांनी स्टील कोरणारं स्पार्क मशीन आल्यावर ते काम हलकं झालं. त्याआधी कोण एवढा घाम गाळणार? लहानपणी वाटायचं विमानं अशीच असतात.

मॉडेल बहात्तराव्या हिश्श्याचं आहे. खऱ्या स्पिटफायरचा पंखविस्तार ११.२३ मीटर, इथं साडेपंधरा सेंटिमीटरच्या जरासा वर. हाच हिशेब बारीकसारीक गोष्टींना लावला की हसू येतं. काच एक मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्या विमानात सात सेंटिमीटरहून जास्त. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर, म्हणजे ३६ मिलिमीटर. उडालं असतं का हे?

(पडद्यावर : जुन्या हैदराबाद संस्थानाचा नकाशा.)

डब्यावरचं विमान कुणा इंग्रज वैमानिकाचं होतं. तेच पुन्हा करण्यात मला गोडी नव्हती. स्पिटफायरचा आपल्या मुलखाशी काही संबंध लागतो का, ते शोधलं. लागतो, आणि चांगलाच लागतो.

१९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला, म्हणजे विमानांच्या तुकडीला, डीएच-९ए जातीची विमानं निजामाच्या देणगीतून मिळाली आणि तिच्या नावात हैदराबाद आलं. दुसऱ्या महायुद्धात आणखी दोन स्क्वाड्रनना ते नाव मिळालं. २५३ हरिकेन नावाच्या लढाऊ विमानांची आणि १५२ स्पिटफायरवाली. १९४० च्या उन्हाळ्यात ही १५२ इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ वॉर्मवेलला होती, पोर्टलंडच्या नौदल तळावर पहारा देत. विमानांच्या अंगावर अक्षरं यू आणि एम. स्क्वाड्रनच्या बोधचिन्हात निजामाची दस्तार, म्हणजे पगडी, आणि ब्रीद इंग्रजांनी निजामाला दिलेल्या बिरुदातलं : विश्वासू दोस्त.

हे मी वडिलांना हौसेनं सांगायला गेलो.

"निजामाचं इमान करायलास व्हय? रझाकार इसरलास का?"

त्यांचं बरोबर आहे. उमरीचा माणूस तो. निजामाविरुद्ध लढायला हत्यारं हवीत, त्याला पैसा हवा, म्हणून मुक्तिसंग्रामातल्या लोकांनी १९४८ च्या जानेवारीत आमच्या उमरीची बँक लुटली. वडील तेव्हा लहान, पण त्या दिवसांबद्दल ते आजही खालच्या आवाजात बोलतात. मी म्हटलं, अण्णा, ही विमानं निजामानं दिलेल्या पैशावर उडली. ते लगेच म्हणाले, "त्याच्या पदरचा व्हता का पैका? सारा कोण भरत हुतं? आपणच की. कर मग, चांगलं कर."

परवानगी मिळाली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेल्यावर ह्याच स्क्वाड्रनच्या विमानांवर झेपावणारा काळा पँथर रंगवलेला असायचा, त्याचा मोह फार झाला. पण ती विमानं मार्क आठ, म्हणजे स्पिटफायरची पुढची आवृत्ती. चार पात्यांचा पंखा, मागचं चाक आत जाणारं, दोन्ही पंखांखाली सारखे रेडिएटर. माझ्याकडचं मार्क एक, तीन पात्यांचं; उजव्या पंखाखाली रेडिएटर, डाव्याखाली छोटा ऑइल कूलर. पँथर राहिला.

(पडद्यावर : ताटलीतलं पाणी, वॉटर पेपर, पंख.)

वाकलेला पंख उकळी यायच्या बेतातल्या पाण्यात धरला, सपाट काचेवर दाबला, गार होईपर्यंत सोडला नाही. मग वॉटर पेपर : चारशे, आठशे, बाराशे. उभारलेल्या रेघा साफ घासून काढल्या, आणि त्यांच्याच जागी सुईनं नव्या खाचा पाडल्या. पट्टी म्हणून लेबलची जाड चिकटपट्टी लावायची. पहिला हात अगदी हलका, सुईच्या वजनाएवढा. जोर दिला की सुई पट्टी सोडून भलतीकडे पळते.

सिंक भरायला गॅरेजवाल्यांची एनसी पुट्टी. तीही पातळ, थरावर थर. एकदम थापली तर तिच्यातलं थिनर प्लास्टिक खातं. जोडावर माझ्या लहानपणच्या अंगठ्याचा ठसा निघाला, गोंदात उमटलेला. शूटिंगवाला म्हणाला, राहू द्या, छान दिसतंय. मी घासून टाकला. खऱ्या मापात तो दीड मीटरचा अंगठा झाला असता.

काचेचं काम सगळ्यात मजेचं. जुन्या काचेत प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून ठोकळा केला. पाण्याच्या बाटलीचा सपाट तुकडा चौकटीत ताणून गॅसवर धरला. आधी तो थरथरतो, मग मध्ये लोंबायला लागतो. तोच क्षण. झटकन ठोकळ्यावर ओढायचा. क्षणभर उशीर झाला तर भोक पडतं, लवकर ओढला तर आकार घेत नाही. कात्रीनं कापून बसवली, तेव्हा आतली खुर्ची पहिल्यांदा स्वच्छ दिसली.

(पडद्यावर : पहाटेची गच्ची, कॉम्प्रेसर, रंगाची फवारणी.)

रंगाचं सगळं गणित आमच्या हवेवर. मे महिन्यात दुपारी एअरब्रश, म्हणजे रंग फवारायची पिचकारी, चालवला तर अ‍ॅक्रिलिक नोझलवरच वाळतो, आणि जो पुढं जातो तो हवेतच सुकून पंखावर रव्यासारखा पडतो. कूलरपुढं बसावं तर धूळ. म्हणून पहाटे, ऊन चढायच्या आत, रंगात वाळणं लांबवणारे दोन थेंब टाकून. वरून तपकिरी आणि गडद हिरवा, खालून फिकट हिरवट आकाशी. यू आणि एम राखाडी, टेपमधून कापलेल्या स्टेन्सिलनं. पंखांच्या पुढच्या कडेला चार-चार लाल ठिपके : आठ ब्राउनिंग मशिनगनच्या तोंडावर चिकटवलेलं कापड. वर गेल्यावर थंडीनं आणि ओलीनं बंदुका गोठू नयेत म्हणून ते लावत.

तयार झाल्यावर वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून सगळीकडून पाहिलं आणि विचारलं, ह्याला पेट्रोल किती लागायचं. मग मी ते डब्यात घालून कामावर नेलं. आमच्या टूलरूमचे जुने फोरमन कौतुक करणाऱ्यातले नाहीत. त्यांनी ते उलटं केलं, पोटाखालून नख फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं, खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं.

"पार्टिंग लाइन कुठाय रे ह्याची?"